राष्ट्रीय ग्रंथालय आणि ज्ञानाचे वाटप

महापरिनिब्बानसुत्तात तथागतांनी आनंदाला सांगितलेली एक गोष्ट पालीच्या अभ्यासकांना परिचित आहे. धम्म शिकविताना आपण आतले आणि बाहेरचे असा भेद केला नाही. शिष्यांपासून लपवून काही मुठीत राखून ठेवले नाही, असा तिचा आशय आहे. ज्ञान दाबून ठेवणाऱ्या आचार्याच्या या झाकल्या मुठीसाठी पालीत 'आचरियमुट्ठि' असा शब्द आहे. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवण्यात आले, त्या समाजाला या शब्दाचे मोल वेगळे सांगावयास नको.

मूठ उघडी ठेवण्याची इच्छा असणे आणि ती प्रत्यक्षात उघडी असणे या मात्र दोन भिन्न गोष्टी आहेत. एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत इच्छा पुरेशी ठरू शकते. संस्थेच्या बाबतीत इच्छेला कायद्याचा आधार, कामाची शिस्त, पैसा आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे परिश्रम यांची जोड लागते. एक राष्ट्रीय ग्रंथालय आपला संग्रह आणि आपल्या ताब्यातील सरकारी दफ्तर लोकांपर्यंत कसे पोहोचविते, हे प्रस्तुत लेखात लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या उदाहरणाने पाहावयाचे आहे. हे उदाहरण निवडण्याचे कारण उघड आहे. बौद्ध वाङ्मयाच्या काही अत्यंत प्राचीन प्रती तेथे आहेत. ब्रिटिश राजवटीतील भारतासंबंधीचे प्रचंड दफ्तर तेथे आहे. आणि एकोणिसाव्या शतकापासूनची मराठी पुस्तकेही तेथे आहेत.

एखादा ग्रंथ ग्रंथालयात असणे म्हणजे तो वाचकाच्या हाती येणे नव्हे. त्यासाठी चार पायऱ्या पार पडाव्या लागतात. ग्रंथ तेथे जमा झाला पाहिजे; त्याची नोंद झाली पाहिजे; त्याची वापरता येईल अशी प्रत तयार झाली पाहिजे; आणि ती वापरण्याची मोकळीक कायद्याने मिळाली पाहिजे. यांपैकी एकही पायरी निखळली तर ग्रंथ असूनही नसल्यासारखा होतो. या चार पायऱ्या नीट समजून घेतल्या म्हणजे आपल्या चळवळीच्या छापील ठेव्याचे काय होत आहे, हेही ध्यानात येते.

जमा : देणगी आणि कायदा

ब्रिटिश लायब्ररी ही संस्था या नावाने तशी अलीकडची आहे. १९७२ च्या कायद्याने तिची निर्मिती झाली आणि १ जुलै १९७३ पासून तिचे कार्य सुरू झाले. तिचा गाभा मात्र जुना आहे. १७५३ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय तिच्यात विलीन झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये असताना ज्या ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात आणि इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात बसून अभ्यास करीत, त्या दोन्ही ठिकाणांचे ग्रंथसंग्रह आज या एकाच संस्थेत आहेत. सेंट पँक्रस भागातील तिची सध्याची इमारत १९९७ मध्ये वाचकांसाठी उघडली. यॉर्कशायरमधील बॉस्टन स्पा येथे तिचे दुसरे मोठे केंद्र असून तेथून अन्य ग्रंथालयांना ग्रंथ व लेखांच्या प्रती पुरविण्याचे काम चालत आले आहे.

एवढा संग्रह जमला कसा? दाने मिळाली, खरेदी झाली, हे खरेच. तथापि त्याचा मुख्य आधार म्हणजे प्रकाशकावर घातलेले कायदेशीर बंधन होय. १६१० मध्ये सर टॉमस बॉडली यांनी लंडनच्या मुद्रक-विक्रेत्यांच्या संघाशी करार करून प्रत्येक नव्या पुस्तकाची एक प्रत ऑक्सफर्डच्या ग्रंथालयाला मिळवून दिली. पुढे या प्रथेला कायद्याचे रूप आले. १९११ च्या कॉपीराइट कायद्याने आणि नंतर २००३ च्या स्वतंत्र कायद्याने हे बंधन पक्के केले. ब्रिटनमध्ये छापलेल्या प्रत्येक प्रकाशनाची एक प्रत प्रकाशकाने एका महिन्याच्या आत ब्रिटिश लायब्ररीकडे स्वखर्चाने पाठवावी लागते. ऑक्सफर्ड, केंब्रिज, स्कॉटलंड, वेल्स आणि डब्लिन येथील पाच ग्रंथालयांना तशीच प्रत मागून घेण्याचा अधिकार आहे. एप्रिल २०१३ पासून संगणकीय स्वरूपातील प्रकाशनेही या कायद्याखाली आली.

या व्यवस्थेचे मर्म असे की ग्रंथ चांगला की वाईट, लेखक मोठा की लहान, हे ग्रंथपालाने ठरवावयाचे नसते. विद्यापीठाचा जाडजूड ग्रंथ आणि गल्लीतल्या छापखान्यात निघालेली चार पानी पुस्तिका या दोघींना कायदा एकाच न्यायाने आत घेतो. जेथे निवड करणारा माणूस असतो तेथे त्याच्या आवडीनिवडी येतात, त्याचा वर्ग येतो आणि आपल्याकडे त्याची जातही येते. सर्वांना सारखे लागू असणारे बंधन या निवडीलाच पुष्कळ अंशी रजा देते.

लंडनमधील मराठी पुस्तके

मराठी पुस्तके तेथे कशी गेली, याचे उत्तर १८६७ च्या भारतातील मुद्रणविषयक कायद्यात सापडते. १८५७ च्या उठावानंतर देशी भाषांत काय छापले जाते यावर सरकारला नजर ठेवावयाची होती. म्हणून या कायद्याने प्रत्येक पुस्तकाची प्रत सरकारकडे देणे आणि त्याची नोंद करणे सक्तीचे केले. पुस्तकाचे नाव, भाषा, लेखक, विषय, मुद्रक, प्रकाशनस्थळ, पृष्ठसंख्या, आकार, आवृत्ती, छापलेल्या प्रतींची संख्या आणि किंमत अशी ही नोंद असे, आणि दर तीन महिन्यांनी प्रांताच्या राजपत्रात या नोंदींची यादी प्रसिद्ध होई. या याद्या पाहून लंडनची ग्रंथालये आपल्याला हवी ती पुस्तके मागवून घेत. जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले, ते हा कायदा लागू असतानाच.

हेतू पाळत ठेवण्याचा. फळ मात्र जतनाचे. एखाद्या पुस्तकाची प्रत आज कोठेही उरली नसली तरी ते कोणी लिहिले, कोठे छापले आणि त्याच्या किती प्रती निघाल्या, हे या त्रैमासिक याद्यांतून कळू शकते. ब्रिटिश म्युझियममधील मराठी व गुजराती छापील पुस्तकांची सूची जे. एफ. ब्लूमहार्ट यांनी तयार केली आणि ती १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली. मराठी ग्रंथव्यवहाराच्या अभ्यासकाला ती आजही उपयोगी पडते. अलीकडच्या काळात ब्रिटिश लायब्ररीने 'भारतीय मुद्रणाची दोन शतके' या प्रकल्पाखाली जुनी भारतीय पुस्तके आणि या त्रैमासिक याद्या डिजिटल स्वरूपात आणण्याचे काम हाती घेतले.

सार्वजनिक अभिलेख

ग्रंथालय म्हटले की पुस्तके डोळ्यांपुढे येतात. ब्रिटिश लायब्ररीत मात्र पुस्तकांच्या जोडीला एक संपूर्ण सरकारी दफ्तर आहे. ईस्ट इंडिया कंपनी आणि १८५८ नंतर भारतमंत्र्यांची कचेरी, म्हणजे इंडिया ऑफिस, यांचे १६०० पासून १९४७ पर्यंतचे हे कागद होत. फडताळांवर ओळीने मांडले असता त्यांची लांबी सुमारे १४ किलोमीटर भरते. १९८२ मध्ये हे दफ्तर ब्रिटिश लायब्ररीच्या स्वाधीन करण्यात आले.

कायद्याच्या दृष्टीने यातील कागदांचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखणे आवश्यक आहे. कचेरीच्या कामकाजात निर्माण झालेली कागदपत्रे हे ब्रिटनच्या १९५८ च्या कायद्यानुसार सार्वजनिक अभिलेख आहेत; म्हणजे ते राज्याचे, पर्यायाने जनतेचे आहेत आणि ग्रंथालय त्यांचे राखणदार आहे. व्हाइसरॉय, गव्हर्नर, लष्करी अधिकारी यांनी स्वतःजवळ ठेवलेली पत्रे व रोजनिशा हे मात्र खाजगी कागद होत. ते देणगीने वा खरेदीने आले असून त्यांचा स्वतंत्र विभाग आहे. अभिलेखांची मांडणी विषयवार नसून ज्या खात्यात कागद निर्माण झाला त्या खात्यावार आहे. उदाहरणार्थ, 'एल/पीजे' या खुणेखाली सार्वजनिक व न्याय खात्याचे कागद आहेत, तर 'व्ही' या खुणेखाली सरकारने छापलेले अहवाल, जनगणनेचे खंड आणि राजपत्रे आहेत.

आपल्या दृष्टीने या दफ्तराचे महत्त्व काय? १९१० मध्ये दख्खनच्या महार परिषदेने लष्करातील भरती पुन्हा खुली व्हावी आणि सरकारी नोकऱ्यांत प्रवेश मिळावा, यासाठी भारतमंत्र्यांना अर्ज केला. शिवराम जानबा कांबळे यांचा त्यात पुढाकार होता. बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे आणि १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे साक्ष दिली. १९३० ते १९३२ या काळात गोलमेज परिषदेची तीन अधिवेशने झाली आणि तिन्हींना ते उपस्थित होते. ऑगस्ट १९३२ मध्ये जातीय निवाडा जाहीर झाला आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. या सर्व घडामोडींत लंडनच्या बाजूने पत्रव्यवहार, टिपणे आणि निर्णय करणारी कचेरी तीच होती, जिचे हे दफ्तर आहे. बाबासाहेबांचे म्हणणे आपण त्यांच्या ग्रंथांत वाचतो. त्या म्हणण्यावर सत्ताधाऱ्यांनी आपसांत काय विचार केला, हे पाहण्यासाठी दफ्तराकडे वळावे लागते.

स्वतः बाबासाहेबांनी दफ्तराचा हा उपयोग करून दाखविला आहे. १९२३ चा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ आणि १९२५ चा प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील ग्रंथ हे सरकारी अहवाल, अंदाजपत्रके आणि समित्यांच्या साक्षी यांच्या पायावर उभे आहेत. राज्यकर्त्याच्या कागदातूनच राज्यकर्त्याची तपासणी करावयाची, ही त्यांची पद्धती होती.

नोंद : सूचीत काय असते आणि काय नसते

चौदा किलोमीटर कागदांतून हवा तो कागद शोधण्याचे साधन म्हणजे सूची. सूची ही वरवर पाहता निरुपद्रवी वाटते. वस्तुतः कोण सापडणार आणि कोण हरवणार हे तीच ठरवीत असते.

एक उदाहरण पुरे आहे. इंडिया ऑफिसच्या दफ्तरातून भारतात राहिलेल्या ब्रिटिश आणि युरोपीय कुटुंबांचे जन्म, विवाह व मृत्यू यांची नावानिशी शोधता येईल अशी सुमारे ३ लाख नोंदींची सूची तयार झालेली आहे. कोणा गोऱ्या शिपायाचा पणतू आपल्या पणजोबाची कबर कोठे आहे, हे तीवरून काढू शकतो. त्याच शिपायाच्या शेजारी लढलेल्या महार शिपायाच्या पणतवाला ही सोय नाही. त्याचा पूर्वज कागदात असलाच तर पलटणीच्या संख्येत किंवा हजेरीपटाच्या ओळीत आहे. दफ्तरात असणे आणि सूचीत नावानिशी असणे, यांतील अंतर हे असे आहे.

म्हणून सूची वापरणाऱ्याने तिची भाषा ओळखली पाहिजे. १९३० च्या सुमारास आपल्या प्रश्नासंबंधीचे कागद 'डिप्रेस्ड क्लासेस' या शब्दांखाली आहेत; १९३५ च्या भारत सरकार कायद्यानंतर 'शेड्यूल्ड कास्ट्स' हा शब्द येतो. आज आपण स्वतःसाठी जे शब्द वापरतो ते टाकून शोध घेतला तर काहीही हाती लागणार नाही आणि काही नाहीच असा गैरसमज होईल. मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत, अक्षरांखाली-वर खुणा देऊन लिहिलेली असतात. एकाच आडनावाची दोन-तीन लेखने असू शकतात. संशोधक विद्यार्थ्याने हे आधीच ध्यानी घ्यावे.

प्रत : विखुरलेले पुन्हा एकत्र

मूळ वस्तू एकच असते आणि वाचक जगभर असतात. त्यामुळे तिसरी पायरी प्रतीची. यासाठी बौद्ध वाङ्मयातील दोन उदाहरणे विचारात घेण्याजोगी आहेत.

पहिले वज्रच्छेदिका प्रज्ञापारमिता सूत्राचे. कुमारजीवाने केलेल्या चिनी अनुवादाची ही प्रत लाकडी ठोकळ्यांनी छापलेली असून ११ मे ८६८ ही तिची तारीख तिच्यावरच नोंदलेली आहे. निश्चित तारीख असलेले जगातील सर्वांत जुने संपूर्ण छापील पुस्तक म्हणून ती ओळखली जाते. सुमारे ५ मीटर लांबीच्या या गुंडाळीच्या अखेरीस वांग जिए नावाच्या उपासकाने आपल्या मातापित्यांच्या वतीने ती सर्वत्र विनामूल्य वाटण्यासाठी करविली, असा उल्लेख आहे. चीनमधील तुनहुआंग येथील एका बंदिस्त गुहेत १९०० मध्ये सापडलेल्या हजारो हस्तलिखितांत ती होती. १९०७ मध्ये ऑरेल स्टाइन यांनी तेथील राखणदाराला अल्प रक्कम देऊन ती व इतर हस्तलिखिते नेली. पुढच्याच वर्षी फ्रेंच विद्वान पॉल पेलियो आले. परिणामी एका गुहेतील ग्रंथ लंडन, पॅरिस, बीजिंग, सेंट पीटर्सबर्ग अशा ठिकाणी विखुरले. स्टाइन यांच्या मोहिमेला भारत सरकारचेही साहाय्य असल्याने त्यांनी आणलेल्या वस्तूंचा एक वाटा आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

हे विखुरलेपण दूर करण्यासाठी १९९४ मध्ये ब्रिटिश लायब्ररीच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय तुनहुआंग प्रकल्प सुरू झाला. निरनिराळ्या देशांतील संस्था आपापल्या ताब्यातील हस्तलिखितांची छायाचित्रे व माहिती एका संकेतस्थळावर सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून देतात. सर्वत्र विनामूल्य वाटावे म्हणून छापलेले सूत्र अकराशे वर्षांनी खरोखर सर्वत्र पोहोचले, असे म्हणता येईल. अर्थात छायाचित्र खुले केल्याने मूळ वस्तू कोणाची हा प्रश्न सुटत नाही. चिनी विद्वान स्टाइन यांच्या कृतीला लूट म्हणतात, आणि त्या म्हणण्यात तथ्य आहे.

दुसरे उदाहरण गांधारी गुंडाळ्यांचे. १९९४ मध्येच ब्रिटिश लायब्ररीला भूर्जपत्रावरील २९ गुंडाळ्यांचे तुकडे मिळाले. खरोष्ठी लिपीत आणि गांधारी प्राकृतात लिहिलेले हे ग्रंथ सामान्यतः इसवी सनाच्या पहिल्या शतकातील मानले जातात. मातीच्या घड्यांत ठेवलेली ही साल इतकी ठिसूळ होती की ती ओलसर हवेत हळूहळू उलगडून काचांच्या दरम्यान बसवावी लागली. पाली सुत्तनिपातातील खग्गविसाणसुत्ताचे गांधारी रूप आणि धम्मपदाचा काही भाग त्यांत आढळला. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सहकार्याने या ग्रंथांचे संपादन हाती घेण्यात आले आणि रिचर्ड सॉलोमन यांचे विवेचन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ काचेत राहिले, पण पाठ अभ्यासकांच्या हाती आला. पाली परंपरेच्या बाहेर त्याच गाथा कशा टिकल्या, याची तुलना त्यामुळे महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यालाही करता येते.

या अनुभवातून आलेले शहाणपण २००४ पासून चालू असलेल्या 'धोक्यातील अभिलेख' कार्यक्रमात दिसते. ब्रिटिश लायब्ररी या कार्यक्रमातून इतर देशांतील नष्ट होऊ घातलेल्या कागदपत्रांच्या डिजिटल प्रती करण्यास अनुदान देते. अट अशी की मूळ कागद त्या देशाबाहेर जाता कामा नये. प्रत तेथेही राहते आणि लंडनलाही. आजवर ४०० हून अधिक प्रकल्प झाले. भूतानमधील विहारांतील हस्तलिखिते आणि लाओसमधील लुआंग प्रबांग येथे भिक्खूंनी जपलेली छायाचित्रे यांचा त्यांत समावेश आहे. एका विहारातील जुन्या छायाचित्रांची पेटी ही राष्ट्रीय ग्रंथालयाने दखल घ्यावी अशी ठेव असू शकते, हे आपण नीट ध्यानात घ्यावे.

परवानगी आणि सुरक्षितता

प्रत तयार झाली तरी ती वाटण्याचा अधिकार हवा. ब्रिटिश लायब्ररीचे वाचकपत्र विनामूल्य मिळते. ओळख आणि पत्ता यांचा पुरावा द्यावा लागतो. तथापि २०१३ नंतर कायद्याने जमा झालेली संगणकीय पुस्तके ठरावीक ग्रंथालयांच्या वास्तूतच, आणि एका ग्रंथालयात एका वेळी एकाच वाचकाला पाहता येतात. लेखक-प्रकाशकांच्या हक्कांसाठी ही मर्यादा आहे. ज्यांच्यावर कोणाचा हक्क उरलेला नाही अशा साहित्याबाबत मात्र ग्रंथालय उदार आहे. डिसेंबर २०१३ मध्ये त्याने जुन्या पुस्तकांतील १० लाखांहून अधिक चित्रे कोणालाही कशासाठीही वापरता येतील अशा रीतीने खुली केली.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याचा हक्क चालतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून भारतात सर्वांना खुले झाले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाल्याने तो १ जानेवारी २०१८ पासून खुला झाला. अनुवादकांचे हक्क स्वतंत्र असतात, हे मात्र विसरता येत नाही.

खुलेपणाची एक दुसरी बाजू २०२३ मध्ये दिसली. २८ ऑक्टोबर रोजी संगणक-गुन्हेगारांनी ब्रिटिश लायब्ररीच्या यंत्रणेवर हल्ला केला. खंडणी न मिळाल्याने त्यांनी चोरलेली माहिती उघड केली. सूची बंद पडली, डिजिटल हस्तलिखितांचे दालन बंद पडले. शोधता येईल अशी सूची पुन्हा सुरू व्हायला जानेवारी २०२४ उजाडले आणि इतर सेवा पूर्ववत होण्यास त्याहून पुष्कळ काळ लागला. ग्रंथ जागेवरच होते, पण सूची गेल्याने ते सापडेनासे झाले. जी संपत्ती एकाच ठिकाणी, एकाच स्वरूपात असते ती कितीही मोठ्या संस्थेत असली तरी असुरक्षित असते, हा त्याचा बोध आहे. सिंहलद्वीपातील भिक्खूंनी इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात मुखोद्गत तिपिटक लेखनबद्ध केले, तेव्हा त्यांनी याच भयाचा विचार केला होता.

आपली जबाबदारी

आता आपल्या घराकडे वळू. भारतातही अशी व्यवस्था आहे. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांच्या आत स्वखर्चाने चार प्रती पाठवावयाच्या असतात : कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना प्रत्येकी एक. १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रे व नियतकालिकेही त्यात आली. कायद्यातील 'पुस्तक' या शब्दाच्या व्याख्येत कोणत्याही भाषेतील पुस्तिकेचाही समावेश आहे. कोलकात्याकडे येणाऱ्या पुस्तकांच्या आधारे १९५८ पासून भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची प्रसिद्ध होत आली आहे. १८६७ चा जुना मुद्रण कायदा २०२३ च्या नव्या कायद्याने रद्द झाला आणि त्या नव्या कायद्यात पुस्तकांच्या नोंदणीला स्थान नाही. त्यामुळे पुस्तकांच्या बाबतीत १९५४ च्या कायद्याचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे.

कायदा आहे, आपण तो पाळतो काय? आपल्या चळवळीचे वाङ्मय मोठ्या प्रमाणावर छोट्या पुस्तिकांच्या रूपाने वाढले. जलशांची गाणी, धम्मदीक्षेच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिका, धम्म परिषदांचे वृत्तांत, वस्तीतल्या मंडळांनी काढलेली चरित्रे, दीक्षाभूमीच्या आणि चैत्यभूमीच्या मेळ्यात विकली गेलेली सोळा पानी पुस्तके, हे सर्व वाङ्मय आपणच लिहिले, आपणच छापले आणि आपणच विकत घेऊन वाचले. त्यातील पुष्कळसे कोणत्याही ग्रंथालयाच्या दारापर्यंत गेले नाही. लेखक व प्रकाशक एकच, भांडवल तुटपुंजे, टपालखर्चही जड, ही कारणे खरी आहेत. परंतु परिणाम असा होतो की पहिली पायरीच चुकते आणि पुढच्या तिन्ही पायऱ्यांचा प्रश्नच उरत नाही. उद्याचा इतिहासकार सूची उघडील तेव्हा त्याला आपल्याविषयी इतरांनी लिहिलेले सापडेल; आपण स्वतः लिहिलेले सापडणार नाही. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत' यांचे अंक मिळविण्यासाठी अभ्यासकांना जी पायपीट करावी लागली, ती सर्वश्रुत आहे. हीच पायपीट पुढील पिढीच्या वाट्याला येऊ नये.

उपाय साधे आहेत. प्रत्येक विहाराने, मंडळाने व प्रकाशकाने पुस्तिका छापताना चार प्रती जमा करण्याचा खर्च आधीच धरावा, प्रती पाठवाव्यात आणि ग्रंथपालाची पोच जपून ठेवावी. अशी लेखी पोच देण्याची तरतूद कायद्यातच आहे. पुस्तकावर लेखक, प्रकाशक, स्थळ, वर्ष आणि प्रतींची संख्या न चुकता छापावी. आंतरराष्ट्रीय ग्रंथक्रमांक भारतात विनामूल्य मिळतो, तो घ्यावा. जुन्या पुस्तिका, स्मरणिका आणि छायाचित्रे ज्या घरांत आहेत तेथे जाऊन आधी त्यांची यादी करावी. यादी ही अर्धी राखण आहे. त्यानंतर डिजिटल प्रती करून त्या किमान दोन भिन्न ठिकाणी ठेवाव्यात आणि मूळ प्रत ज्याची त्याच्याकडे राहू द्यावी. आपल्या संस्थांच्या बैठकांचे कार्यवृत्त आणि पत्रव्यवहार हेही अभिलेखच आहेत. ते रद्दीत जाऊ नयेत.

१९५६ च्या धम्मक्रांतीला ज्यांनी डोळ्यांनी पाहिले ती पिढी झपाट्याने मावळत आहे. तिच्या ट्रंकांत, माळ्यांवर आणि फडताळांत जे कागद आहेत, ते तिच्यामागे किती दिवस टिकतील हे सांगता येत नाही. ज्यांना अक्षर नाकारले गेले त्यांनी स्वकष्टाने अक्षर मिळविले आणि त्या अक्षरातून आपला इतिहास लिहिला. तो इतिहास घराच्या चार भिंतींत संपू न देता सर्वांसाठी खुल्या असलेल्या ग्रंथालयात पोहोचविणे, हेही धम्मदानच आहे.